कॅनोतून नदीत मासेमारी : परवानगी कुणाकुणाची घ्यायची आणि नांगर कुठे बांधायचा?

नवंवल्हं :

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं काठावरून गळ टाकतोय. आता एक वापरलेली कॅनो घेतली आहे. उघडी, साडेचार मीटर लांब, दोन बैठकांची. तळ्यात आणि संथ पाण्यात एकट्याने व्यवस्थित वल्हवता येते. पण ओढ आहे ती नदीची. काठावरून गळ पोचत नाही असे डोह, पलीकडे पाण्यावर झुकलेली झाडं, बेटामागची शांत जागा, हे सगळं आजवर लांबूनच बघत आलोय.

काही गोष्टींवर अडलोय. पहिली म्हणजे परवानगी. गळाने मासेमारी करण्याचा सरकारी परवाना माझ्याकडे आहे. तेवढा पुरतो का? काठावर भेटलेल्या एकाने सांगितलं, "पाण्यावर तरंगताय ना, मग कुणाला विचारायचं?" दुसरा म्हणाला, हा अख्खा पट्टा मासेमारी क्लबकडे आहे, होडी दिसली तर भांडण होईल. दोघंही ठामपणे बोलत होते.

दुसरं नांगराचं. होडीबरोबर चार फाळांचा, दुमडता येणारा छोटा नांगर आणि वीस मीटर दोरी मिळाली आहे. मधल्या आडव्या पट्टीला बांधला तर बसल्या जागेवरून हाताशी राहील, असा विचार आहे. आणि तिसरं, मासा लागल्यावर एकट्या माणसाने तो आत कसा घ्यायचा? उभं राहायचं का? गळकाठी काठावर वापरतो तीच चालेल का?

जाणकारांनी सांगावं.

डोहवेडी :

नांगराची दोरी मधल्या आडव्या पट्टीला बांधू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, एवढं मात्र आत्ताच मनावर घ्या.

वाहत्या पाण्यात होडी मधून बांधली की ती प्रवाहाला आडवी होते आणि पाणी तिच्या अख्ख्या लांबीवर रेटा देतं. नांगर तळाला रुतलेला असतो, दोरी वरच्या अंगाची कड खाली ओढते, आणि पाणी त्याच कडेवरून आत चढतं. एकदा चढायला लागलं की थांबत नाही. एक घनमीटर पाणी म्हणजे हजार किलो. तुमच्या होडीत काठोकाठ भरलं तर काही शे किलो होईल, आणि ते स्थिर बसत नाही, ज्या बाजूला कललात त्याच बाजूला धावतं. उलटायला मिनिटसुद्धा लागत नाही. त्यात प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. त्यामुळे "इथे पाणी जरासंच जोरात आहे" या अंदाजावर विसंबू नका.

नांगर टाकायचाच तर दोरी टोकातून जायला हवी, पुढच्या किंवा मागच्या. टोकाला कडी किंवा छोटी कप्पी बसवा, दोरी तिच्यातून ओवून हाताशी आणा, आणि एका झटक्यात सुटेल अशा खाचेत अडकवा. गाठ मारायची नाही. ओली, ताणलेली गाठ सुटत नाही. दोरीच्या मोकळ्या टोकाला रंगीत तरंगता गोळा बांधा, म्हणजे प्रसंग आलाच तर सगळी दोरी सोडून देता येते आणि नंतर गोळा बघून नांगर काढता येतो. सुरी जीवरक्षक जाकिटावर, एका हाताने निघेल अशी. दोरी खोलीच्या तिप्पट तरी सोडा, पाचपट सोडलीत तर आणखी बरं. आखूड दोरी नांगराला उचलते आणि होडीचं टोक खाली ओढते. टोकाशी पाणी उशीसारखं फुगून वर येताना दिसलं, तर ती जागा नांगराची नाही. सोडा आणि पुढे चला. मी स्वतः जोराच्या पाण्यात नांगर टाकतच नाही. फक्त संथ, रुंद, स्वच्छ तळाच्या पट्ट्यात टाकते. तळाशी बुडालेली झाडं असतील तर तिथेही नाही, कारण फाळ अडकला की वरच्या बाजूला जाऊन सोडवावा लागतो आणि एकट्याने ते फार अवघड जातं.

आता परवानगी. काठावरचे दोघंही अर्धं बरोबर बोलले. होडीतून मासे धरताना तीन वेगवेगळे हक्क एकत्र येतात आणि ते बहुतेक ठिकाणी वेगवेगळ्या लोकांकडे असतात : पाण्यावर होडी नेण्याचा, त्या पाण्यात मासे धरण्याचा, आणि तळाला किंवा काठाला पाय वा नांगर लावण्याचा. सरकारी परवाना यांतला एकही देत नाही. तो फक्त सांगतो की तुम्ही गळ हाती धरायला पात्र आहात.

इंग्लंड-वेल्समधली वाय नदी घ्या. हे-ऑन-वायपासून खाली तिच्यावर सगळ्यांना होडी नेण्याचा हक्क आहे. पण त्याच पाण्यातला मासेमारीचा हक्क खासगी मालकांकडे आणि क्लबांकडे आहे. म्हणजे वल्हवत दिवसभर जा, कुणी अडवणार नाही. गळ टाकलात की मात्र दुसऱ्याच्या हक्कात हात घातलात. तिथे तेरा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला रॉड परवाना लागतो, आणि तो असला तरी मालकाची परवानगी वेगळी घ्यावी लागते. शिवाय बहुतेक नद्यांवर ट्राउट-सामन सोडून बाकी गोड्या पाण्यातल्या माशांना १५ मार्च ते १५ जून बंदी असते. होडीला ती लागू नाही, गळाला आहे.

स्कॉटलंडमध्ये २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने विनाइंजिन होडीला जवळपास सगळं अंतर्गत पाणी मोकळं झालं. त्याच कायद्यात मासेमारी मात्र या हक्कातून नाव घेऊन वगळली आहे. स्वीडनमध्ये निसर्गात मोकळेपणाने फिरायचा हक्क सगळ्यांना आहे आणि कॅनो त्यात बसते, पण मासेमारी नाही. व्हेनेर्न, व्हेटेर्नसारख्या पाच मोठ्या तळ्यांत आणि समुद्रकाठी हातातल्या गळाने फुकट मासे धरता येतात, बाकी ठिकाणी त्या त्या पाण्याचं कार्ड घ्यावं लागतं. भारतात मत्स्यव्यवसाय हा राज्यांचा विषय आहे, आणि अनेक जलाशयांत मासे धरण्याचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेला असतो. तिथे संस्थेला न विचारता गळ टाकणं म्हणजे कुणाच्या तरी पोटावर पाय देणं.

तिसऱ्या हक्काकडे कुणाचं लक्ष नसतं. अमेरिकेत मोंटाना आणि कोलोराडो या दोन राज्यांत किती फरक आहे बघा. मोंटानात १९८५ च्या कायद्याने नेहमीच्या उच्च पाणीरेषेपर्यंत तळ आणि काठ लोकांना वापरता येतो, मग जमीन कुणाचीही असो. कोलोराडोत १९७९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने खासगी जमिनीतून वाहणाऱ्या नदीत तराफ्यावरून जाणाऱ्या माणसांना अतिक्रमणाच्या गुन्ह्यात दोषी धरलं. तरंगत जाताना त्यांचा अधूनमधून तळाला स्पर्श झाला होता. अशा ठिकाणी नांगर टाकणं म्हणजे सरळ दुसऱ्याच्या जमिनीत फाळ रोवणं. म्हणून तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापासून सुटा करता येत नाही. परवानगी मागताना नांगराचा उल्लेख करावाच लागतो.

आणखी एक बारीक गोष्ट, होडीवाल्यालाच लागू पडणारी. भरती-ओहोटी पोचत नाही अशा नदीत इंग्लंडमध्ये काठाचा मालक साधारणपणे पात्राच्या मध्यापर्यंत तळाचा मालक धरला जातो. काठावरून टाकणाऱ्याला याचा फारसा प्रश्न येत नाही. तुम्ही मात्र मध्यावरून वाहत जाताना डावीकडे गळ टाकलात तर एकाचं पाणी, उजवीकडे टाकलात तर दुसऱ्याचं. तुमच्या भागात नियम काय आहे ते बघा, पण नकाशावर दोन्ही काठांची नावं लिहून काढल्याशिवाय निघू नका.

तिसऱ्या प्रश्नावर नंतर लिहिते. तो शिकायला वेळ लागणारा भाग आहे.

काठकरी :

डोहवेडीताईंनी कायद्याचं सांगितलं. मी क्लबच्या बाजूने बोलतो, कारण आमच्या क्लबात परवानगीची पत्रं मीच वाचतो.

बहुतेक क्लबांच्या नियमावलीत "होडीतून मासेमारी नाही" असं एक कलम असतं. सभासद झालात तरी ते कलम तुम्हालाही लागू. म्हणून नुसतं "परवानगी आहे का" असं विचारू नका. "होडीतून गळ टाकायला परवानगी आहे का" असंच विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी "हो, चालेल" म्हणणारा माणूस पुढच्या वर्षी त्या पदावर नसतो.

आमचा होडीला विरोध का, हेही समजून घ्या. काठावरचा माणूस पहाटेपासून एका जागी बसलेला असतो. त्याची दोरी वीस-तीस मीटर आत गेलेली असते आणि ती होडीतून दिसत नाही. वल्हेकरी नेमका त्या दोरीवरून जातो, तेही दोरी जिथे सर्वांत उथळ असते तिथून. मासे बिथरतात ते वेगळंच. त्यामुळे माणूस दिसला की लांबूनच हात वर करा, कुठून जाऊ ते विचारा. बहुधा तो काठाला लागून, स्वतःच्या काठीच्या टोकाखालून जायला सांगेल, कारण त्याचे मासे मध्यावर असतात. कधी पलीकडच्या काठाने जा म्हणेल. सांगेल तसं जा, वल्हं कमीत कमी मारा, आणि त्याच्या पुढच्या डोहात गळ टाकू नका. पुढचा डोह त्याने संध्याकाळसाठी राखून ठेवलेला असतो.

दुसरं, खडीचा उथळ तळ. ट्राउट आणि सामन खडीत खळगा करून त्यात अंडी घालतात आणि वरून खडी पसरतात. अंडी आत असताना तिथून होडी घासत नेली किंवा उतरून ओढली की खालचा सगळा संसार चिरडतो. वरून फक्त आजूबाजूपेक्षा उजळ, धुतल्यासारखा दिसणारा खडीचा पट्टा असतो. तो ओळखायला शिका. विणीच्या काळात आम्ही उथळ भागात कुणालाच सोडत नाही.

आणि होडी कोरडी करून आणा. हे मी प्रत्येक पत्राच्या उत्तरात लिहितो. नॉर्वेत गायरोडॅक्टिलस सॅलारिस नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परजीवीने कितीतरी नद्यांतले सामन संपवले. तो घालवण्यासाठी अख्ख्या नद्यांत रोटेनॉन हे विष टाकून सगळे मासे मारावे लागले आणि मग नव्याने सुरुवात करावी लागली. तो ओल्या सामानावरून एका नदीतून दुसरीत जाऊ शकतो, वाळवलं की मरतो. झेब्रा शिंपल्यांची पिल्लंही अशीच होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्यातून पसरतात. बैठकीखाली, टोकातल्या हवाबंद कप्प्यात, दोरीच्या गुंडाळीत ओल राहते. होडी पालथी घालून सगळं नीट वाळल्याशिवाय दुसऱ्या नदीत उतरवू नका. पत्रात तुम्ही आपणहून हे लिहिलंत तर वाचणाऱ्याला लगेच कळतं की माणूस समजूतदार आहे.

नवंवल्हं :

दोघांचेही मनापासून आभार. मधल्या पट्टीचा विचार सोडला. नकाशा घेऊन बसलो तर माझ्या आवडत्या पट्ट्यात डावा काठ क्लबचा आहे आणि उजवा दोन शेतमालकांचा. काठावरून हे कधी जाणवलंच नव्हतं.

पण आता खरी अडचण ही की नांगर जवळजवळ बाद झाला, तर वाहत्या पाण्यात थांबायचं कसं? एका हातात वल्हं, दुसऱ्यात काठी, आणि होडी आपली खाली चाललेली.

डोहवेडी :

नदीत थांबायच्या जागा असतात, त्या शोधायच्या.

मोठा खडक, बेटाचं टोक, आत आलेला काठ, काहीही प्रवाहाच्या वाटेत आलं की त्याच्यामागे पाणी वळून उलटं वाहतं. होडीचं टोक त्यात घातलं की होडी आपसूक वळते आणि तोंड वरच्या दिशेला करून स्थिर होते. वल्हं मांडीवर ठेवून बसता येतं. पुढे बघा, वाहतं पाणी आणि हे वळलेलं पाणी यांच्यामध्ये एक रेघ दिसेल. फेसाचे बुडबुडे, गळलेली पानं त्या रेघेवर जमतात, थोडी थबकतात, गोल फिरतात आणि मग झटक्यात खाली जातात. मासे त्या रेघेच्या शांत बाजूला असतात. तोंड नेहमी पाणी येतं तिकडे, पण शांत बाजूला जोर लागत नाही आणि खाणं मात्र हातभर अंतरावरून आपोआप वाहत येतं. तिथे आमिष रेघेच्या थोडं वर, वाहत्या बाजूला टाका आणि पाण्यालाच ते आत आणू द्या. एका खडकामागून असं दोन्ही रेघांवर टाकता येतं. मग होडी हळूच पुढच्या खडकामागे. नदी अशी पायरीपायरीने उतरता येते आणि नांगराची आठवणही होत नाही. पण उलट्या पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना ती रेघ होडीला झटका देते, त्या वेळी काठी खाली, वल्हं दोन्ही हातांत आणि तुम्ही गुडघ्यांवर. हे आधी गळाशिवाय, नुसतं वल्हं घेऊन इतकं करा की अंगवळणी पडेल.

दुसरी पद्धत नुसतं वाहत जाण्याची. संथ, लांब पट्ट्यांत ही सर्वांत चांगली. होडी पाण्याच्या वेगाने जाते, आमिषही त्याच वेगाने, म्हणून आमिष ओढल्यासारखं न दिसता आपसूक वाहतंय असं दिसतं. काठावरून हे काही केल्या जमत नाही. होडीतून मासेमारी करायची ती याचसाठी, असं मला वाटतं. एका हाताने वल्हं पाण्यात सुकाणूसारखं धरून दिशा राखायची, दुसऱ्याने काठी. वल्ह्याला जेमतेम हात लावायचा. आणि होडीच्या आधी आमिष पोचेल असं, खालच्या दिशेला टाकायचं.

वेग कमी करायला काही जण पाण्यात छत्रीसारखी कापडी पिशवी सोडतात. तळ्यात वाऱ्याविरुद्ध ती छान काम करते. नदीत ती पिशवीच पाण्याबरोबर चाललेली असते, मग ती अडवणार कशाला? वारा मागून ढकलत असेल तेवढाच तिचा उपयोग. त्यापेक्षा साखळीचा आखूड तुकडा, बाहेरून रबरी नळी चढवलेला, मागच्या टोकातून तळावर घसटत सोडतात. तो रुतत नाही, नुसता रेंगाळतो. पण तळाला लागतो, म्हणजे परवानगीत तोही लिहायचा. विणीच्या खडीवर तो चालवायचाच नाही आणि दगडगोट्यांच्या फटी असलेल्या तळावरही नको.

आता बसणं. दोन बैठकांच्या बहुतेक कॅनोंची दोन्ही टोकं सारखी असतात, म्हणून एकट्या माणसाने पुढच्या बैठकीवर उलट तोंड करून बसावं. म्हणजे तुम्ही मध्याच्या जवळ येता आणि पुढचं टोक हवेत उचललं जात नाही. जड पिशवी पायांपुढे ठेवा. समोरून वारा असेल तर ती आणखी पुढे सरकवा, मागून असेल तर मागे. होडीचं जड टोक वाऱ्याकडे राहायला बघतं. गुडघे टेकून, बूड बैठकीच्या कडेला टेकवून बसलात तर वजन खाली येतं आणि तीन ठिकाणी टेकता. गुडघ्यांखाली जाड स्पंजची पट्टी हवीच. तीच पट्टी पुढेपर्यंत अंथरली की डबा, चिमटा, पाण्याची बाटली आपटल्याचा आवाजही मरतो. मासा कानाने ऐकतोच, शिवाय अंगावरच्या रेषेने पाण्याचा हादरा टिपतो. होडीचं पातळ अंग ढोलासारखं वाजतं. वल्हं कडेवर आपटलं की जवळपासचा डोह गप्प होतो.

उभं राहू नका. तोल जातो म्हणून तर आहेच, पण माशाच्या बाजूनेही बघा. पाण्यातून वर बघणाऱ्या माशाला वरचं सगळं जग एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून त्या खिडकीचा कोन ९७ अंशांच्या आसपास असतो. मासा एक मीटर खोल असेल तर पृष्ठभागावर सव्वादोन मीटर व्यासाचं वर्तुळ. खिडकीच्या कडेला, म्हणजे पाण्यालगत जे असतं ते चेपून, अंधूक होऊन दिसतं. गुडघ्यांवर बसलेला माणूस त्या कडेत दडतो. उभा राहिलेला माणूस खिडकीत स्पष्ट येतो.

काठी आखूडच हवी, पण फार आखूड नको. मासा होडीखालून पलीकडे गेला तर काठीचं टोक होडीच्या टोकाला वळसा घालून पलीकडे नेता आलं पाहिजे. सव्वादोन मीटरच्या आसपास मला बरी पडते. काठावरची साडेतीन मीटरची काठी एकट्याला होडीत आवरत नाही, कारण मासा जवळ आला की टोक दूर आणि दोरी हातात येत नाही.

मासा लागला की होडीला त्याच्यामागे जाऊ द्या. छोटी होडी ओढली जाते आणि त्यानेच मासा थकतो. आधी उलट्या पाण्यात किंवा संथ भागात या, मग तो जवळ घ्या. मासा हाताशी आला की सगळे त्याच्यावर वाकतात, आणि होडी उलटते ती तिथेच. शरीर होडीच्या मध्यरेषेवर, नाक कडेच्या आत, आणि फक्त हात बाहेर. काठी मागे, वर आणि पलीकडच्या बाजूला न्या, म्हणजे मासा स्वतःहून या बाजूला येतो. आखूड दांड्याची, खोल, रबरी जाळी आधीच पाण्यात धरलेली असावी. मासा जाळीवर आणायचा, जाळी माशामागे हलवायची नाही. सोडून देणार असाल तर आत घ्यायचंच नाही. जाळी पाण्यातच ठेवून, ओल्या हाताने, लांब चिमट्याने गळ काढा. काटेरी उलटा दात नसलेला एकेरी गळ वापरलात तर हे एका वळशात होतं. तीन फाळांचा गळ, फडफडणारा मासा आणि तुमची मांडी हे सगळं एका अरुंद होडीत नको.

उलटधार :

वरचं सगळं पटलं. सुरक्षेबद्दल थोडं राहिलंय ते जोडतो.

जाकीट अंगात. बैठकीखाली ठेवलेलं जाकीट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. वल्हवताना सोयीचं ५० न्यूटन तरंगशक्तीचं जाकीट शुद्धीवर असलेल्या, पोहता येणाऱ्या माणसाला तरंगत ठेवतं. बेशुद्ध माणसाला उताणं वळवायचं काम ते करत नाही, त्याला १५० न्यूटनच्या वर्गातलं लागतं. एकटे जाणार असाल तर हा फरक कळायला हवा. उंच बूट, कमरेपर्यंतची रबरी विजार होडीत घालू नका.

थंड पाण्याबद्दल कॅनडाचे संशोधक गॉर्डन गीसब्रेख्ट यांचा १-१०-१ हा नियम आहे. अगदी गार पाण्यात पडल्यावर पहिलं एक मिनिट श्वास आवरण्यात जातं, त्यानंतरची साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, आणि शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस गारठून जाण्याच्या बराच आधी हात निकामी होतात. होडीला धरून राहायचं की काठ गाठायचा, हा निर्णय त्या दहा मिनिटांत घ्यायचा असतो. तो निघण्याआधीच ठरलेला असावा.

नदीत दोन गोष्टींपासून लांब. पाण्यात पडलेलं झाड : पाणी फांद्यांतून जातं, माणूस आणि होडी अडकतात आणि रेटा चालूच राहतो. मासे मात्र नेमके तिथेच असतात, म्हणून झाडाच्या वरच्या अंगाने कधीच जायचं नाही. खाली जाऊन, उलट्या पाण्यातून वरच्या दिशेला गळ टाका. दुसरं, बुटका बंधारा. वरून एक सरळ, गुळगुळीत रेघ दिसते. खाली पाणी गोल फिरत परत भिंतीकडे ओढतं आणि जाकीट घातलेल्या माणसालाही सोडत नाही. वरून पोचायच्या आधीच उतरा आणि होडी उचलून पुढे न्या. वर धरण असेल तर पाणी कधी सोडतात ते विचारून घ्या. बेटावर बसलेला असताना पाणी वाढलं तर होडी आधी जाते.

नवंवल्हं :

सगळं छापून होडीच्या डब्यात ठेवतोय. क्लबला आणि उजव्या काठाच्या दोन मालकांना पत्र लिहिलंय. पाठवायच्या आधी नजर टाकाल का?

"सविनय नमस्कार. माझ्याकडे साडेचार मीटरची, विनाइंजिन, वल्ह्याची होडी आहे. आपल्या ताब्यातील पाण्यात होडीतून गळाने मासेमारी करण्याची लेखी परवानगी हवी आहे. मी एकटा असेन. नांगर टाकणार नाही, साखळी ओढणार नाही, काठावर उतरणार नाही. विणीच्या काळात येणार नाही. मासे पाण्यातच सोडून देईन. आधी दुसऱ्या नदीत गेलो असेन तर होडी आणि सामान पूर्ण वाळवून आणीन. काठावर मासेमार असल्यास त्यांना विचारून, ते सांगतील तिथून जाईन. सरकारी परवान्याची प्रत सोबत जोडली आहे."

काठकरी :

पत्र चांगलं आहे, आमच्याकडे आलं असतं तर बैठकीत पहिल्या फेरीत सुटलं असतं. तीन दुरुस्त्या करा.

"काठावर उतरणार नाही" हे काढा. पाय मोडला, वादळ आलं, मागे कुणी बुडतंय असं दिसलं, तर उतरावंच लागेल. "अडचणीच्या प्रसंगाखेरीज उतरणार नाही" असं लिहा. दुसरं, कुठे पाण्यात उतरणार आणि कुठे बाहेर पडणार हे पत्रात नाही. मालकाला मासेमारीपेक्षा त्याच्या फाटकासमोर उभ्या राहणाऱ्या गाडीची काळजी जास्त असते. दोन्ही जागा नकाशावर खूण करून जोडा, आणि त्या जागा कुणाच्या आहेत, तिथे गाडी लावायची परवानगी घेतली आहे का, तेही लिहा. तिसरं, "लेखी परवानगी" एवढंच मोघम मागू नका. एका हंगामासाठी मागा, तारखा द्या. मुदत नसलेली परवानगी द्यायला माणूस कचरतो, एका हंगामाची देऊन बघतो.

दोन्ही मालकांना वेगळी पत्रं पाठवा आणि प्रत्येकात फक्त त्याच्याच काठाची हद्द लिहा. क्लबला पाठवताना "डाव्या काठापासून पात्राच्या मध्यापर्यंत" असं स्पष्ट घाला. आमच्यासारख्यांची समिती महिन्यातून एकदा बसते, त्यामुळे पत्र हंगामाच्या दोन महिने आधी पोचू द्या.